भ्रम, संभ्रम, गोंधळ, घोळ: कुठं काय वापरायचं?

धुऱ्यावरचा (ता. दारव्हा)
राम राम मंडळी. प्रश्न भाषेचा आहे, पण त्यावरून भांडण गावात लागलंय म्हणून इथं विचारतो.

कापूस खरेदीच्या नोंदणीची शेवटची तारीख कोणती, यावर आमच्याकडे दोन निरोप फिरत होते. फळ्यावर एक तारीख, मोबाइलवर दुसरी. आम्ही चौघांनी मिळून एका पेपरच्या वार्ताहराला निवेदन दिलं. मथळाही आम्हीच सुचवला, 'नोंदणीच्या तारखेबाबत शेतकऱ्यांमध्ये संभ्रम'. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'नोंदणीच्या तारखेबाबत शेतकरी भ्रमात'. झालं! टपरीवर पेपर वाचणारे बुढे आमच्यावरच उखडले. "आमाले कायचा भ्रम झाला बे? तारखा त्याईनं दोन सांगतल्या अन् भ्रमात आम्ही?" वार्ताहराला फोन केला तर तो म्हणे, "एकच आहे ना भाऊ. जागा पुरत नव्हती, 'सं' काढला."

एकच आहे का? आणि विषय निघालाच आहे तर गोंधळ, घोळ, गल्लत, गफलत, संदिग्ध यांचंही होऊन जाऊ द्या. कोशातला अर्थ कोशात सापडतो. तुम्ही बोलताना कुठं काय वापरता ते सांगा.

बह्याड_पोट्टा
'सं' काढला म्हणे! उद्या शेतकऱ्याच्या संतापातला 'सं' काढून 'शेतकऱ्यांना ताप' छापतीन. मंग गावात डाक्टरची गाडी येईन.

ठेचा_भाकर
संसारातला काढला तर निदान सार तरी उरते.

निवृत्त_मास्तर (मेहकर)
वार्ताहराचं चुकलंच. धातू एकच आहे हे खरं. भ्रम् म्हणजे फिरणे, भटकणे. भ्रमण त्यातलंच, भुंग्याला भ्रमर म्हणतात तेही त्यामुळेच. पण मराठीत दोघांनी वेगळ्या चुली मांडल्या आहेत.

भ्रम म्हणजे नसलेलं आहे असं वाटणं. अंधारात दोरीला साप समजला तो भ्रम. ज्याला भ्रम होतो त्याला अजिबात शंका नसते, तो काठी घेऊन दोरीला मारायला धावतो. संभ्रमात पडलेल्या माणसाला मात्र आपल्याला कळत नाहीये हे पक्कं ठाऊक असतं. दोन तारखा समोर आहेत आणि खरी कोणती ते समजत नाही, हा संभ्रम. मुदत वीसला संपली असताना 'तीसच आहे' असं छातीठोकपणे सांगणारा भ्रमात असतो. तुमचे टपरीवरचे म्हातारे म्हणूनच चिडले, आणि बरोबर चिडले. त्यांना 'तुम्हाला माहीत नाही' म्हटलेलं चाललं असतं, 'तुम्ही भलतंच धरून बसलात' हे नाही चाललं.

शब्दाचं कूळ बघण्यापेक्षा सोबतचं क्रियापद बघावं. भ्रमाचा भोपळा फुटतो. संभ्रमाचा फुटल्याचं कुणी ऐकलंय? संभ्रम दूर होतो, दूर करावा लागतो.

जाता जाता तिसरा भाऊ, विभ्रम. गीतेत 'संमोहात्स्मृतिविभ्रमः' येतं, तिथं तो स्मृतीचा बिघाड आहे. मराठी कवितेत मात्र 'तिचे विभ्रम' म्हणजे लाडिक हावभाव, नखरे. एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, 'म्हातारपणी आजोबांना विभ्रम होऊ लागले.' गुण कापायला पेन उचललं, पण आजोबा डोळ्यापुढं आले आणि हसूच आवरेना.

बह्याड_पोट्टा
आमच्या आज्याले दोन्ही होते मास्तर.

काढा_आणि_चूर्ण (कारंजा)
मास्तरांच्या यादीत एक अर्थ राहिला. आयुर्वेदात भ्रम म्हणजे चक्कर, डोकं गरगरणं. धातूचा मूळ 'फिरणे' हा अर्थ तिथं जसाच्या तसा टिकलाय. म्हणून वैद्यानं कागदावर 'भ्रम' लिहिलं की रोगी वेडा झाला असं नसतं. एक सूनबाई असाच कागद घेऊन घाबऱ्याघुबऱ्या आली होती. "सासूबाईले भ्रम झाला म्हणतात, पण दूधवाल्याचा हिशोब तर पैशापैशाचा बरोबर करून रायल्या." म्हटलं बाई, त्या उठून उभ्या राहिल्या की त्यांना घर फिरल्यासारखं वाटतं, एवढंच लिहिलंय. रक्तदाब तपासून घे.

धुऱ्यावरचा
@निवृत्त_मास्तर, टपरीवर वाचून दाखवलं. दोरी-सापाचं पटलं सगळ्यांना. आता संशय आणि शंकेचं सांगा.

निवृत्त_मास्तर
ते सोपं आहे. शंका विषयाबद्दल असते, संशय माणसाबद्दल. वर्गात शंका विचारतात, नवऱ्यावर संशय घेतात.

अर्जनवीस (आर्वी)
इतकं सोपं नाही मास्तर. कोर्टात 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' होते. तो संशय आरोपीवरचा नसतो. आरोपीवरच्या संशयाचा फायदा आरोपीलाच कसा मिळेल? पुरावा पुरेसा आहे की नाही, ही न्यायाधीशाच्या मनातली शंका म्हणजे तिथला संशय. म्हणजे तुमची विभागणी बोलण्यात चालते, निकालपत्रात नाही.

पेपरवाले आणखी एक करतात. 'संशयित' आणि 'संशयास्पद' एकाच बातमीत अदलून बदलून. ज्याच्यावर संशय आहे तो माणूस संशयित. ज्याच्याकडे पाहून संशय यावा ते संशयास्पद, मग ते बेवारस पोतं का असेना. आणि संशयी म्हणजे संशय घेणारा. गावात हे तिन्ही एकाच माणसात सापडतात, ती गोष्ट वेगळी.

संदिग्ध हा मात्र आमच्या पोटापाण्याचा शब्द. एकाच वाक्याचे दोन अर्थ निघाले की ते संदिग्ध. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, 'पूर्वेस नाला'. बस, एवढंच. आता वावर नाल्याच्या अलीकडच्या काठापर्यंत, मधल्या धारेपर्यंत, की पलीकडच्या काठापर्यंत? नाल्यानं पात्र बदललं तर? दोन भाऊ त्या दोन शब्दांवर म्हातारे होतात. तिथं भ्रम कुणालाच नसतो, दोघांनाही आपापला अर्थ लख्ख दिसत असतो. दोष कागदात असतो.

संत्रानगरीची (नागपूर, मूळ मोर्शी)
संदिग्ध वरून आठवलं. आमच्या ऑफिसात हिंदी बोलणारे सहकारी भरपूर. हिंदी पेपरात 'संदिग्ध' म्हणजे संशयित. 'तीन संदिग्ध पकड़े गए.' मराठीत माणूस संदिग्ध नसतो, त्याचं बोलणं संदिग्ध असतं. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे आपल्याकडे हे शब्द शेजारच्या दारातून नाही, आपल्याच ओसरीवरून घरात येतात.

माझ्या माहितीतले आणखी काही:

असमंजस. हिंदीत 'मैं असमंजस में हूँ' म्हणजे काय करावं सुचत नाही. मराठीत समंजस म्हणजे शहाणा, समजूतदार, आणि असमंजस त्याच्या उलट. माझी भाची तिच्या होणाऱ्या सासूला म्हणाली, "मी जरा असमंजसमध्ये आहे." सासूबाई गप्पच झाल्या, मुलीनं कबुलीच दिली ना.

हैराण. मूळ फारसी-अरबी 'हैरान' म्हणजे गोंधळलेला, थक्क झालेला. हिंदीत अजून तसंच आहे. मराठीत गोंधळ गळून गेला आणि त्रास उरला. उन्हानं हैराण, डासांनी हैराण, लोडशेडिंगनं हैराण.

आणि सगळ्यात मजेदार, संभ्रांत. हिंदी जाहिरातीत 'संभ्रांत परिवार की कन्या' म्हणजे प्रतिष्ठित घरातली मुलगी. मराठी माणसानं वाचलं तर आख्खं घरच संभ्रमात आहे असं वाटतं.

ठेचा_भाकर
प्रतिष्ठित घरं संभ्रमातच असतात. जमीन विकायची की पोराले पुण्याले फ्लॅट घेऊन द्यायचा, हाच संभ्रम.

निवृत्त_मास्तर
@संत्रानगरीची, उत्तम. संस्कृतात संभ्रम म्हणजे लगबग, आदरापोटी होणारी धावपळ असाही अर्थ आहे. मोठा पाहुणा आला की घरात जी उठबस होते ती. हिंदीतला संभ्रांत त्या बाजूनं प्रतिष्ठेकडे गेला, आपल्याकडचा संभ्रम डोक्यात शिरून बसला.

@अर्जनवीस, संशयाच्या फायद्याचं मान्य. पण शंका आणि संशय यांत बोलताना फरक आहेच, तो मी सोडणार नाही.

वावरातली_वही (अचलपूर)
'भ्रांत' कुणीच घेतला नाही. तो तर रोजचा. 'उद्याच्या जेवणाची भ्रांत' म्हणतो तेव्हा आपण गोंधळाबद्दल बोलत नसतो, काळजीबद्दल बोलत असतो. भ्रांती म्हणजे चुकीची समजूत. त्यातून पोटाची भ्रांत कशी झाली असेल? मला वाटतं, काय करावं हे न सुचणं आणि घरात पीठ नसणं या दोन गोष्टी गरिबाच्या घरी एकाच वेळी घडतात.

बांधीतला_बेडूक (ब्रह्मपुरी)
तुम्ही लोक विदर्भ म्हटलं की वऱ्हाडावरच थांबता. इकडं झाडीपट्टीही आहे. तुमच्याकडं ळ चा य होतो, डोळ्याचा डोया. आमच्याकडं र होतो, डोळ्याचा डोरा. धान लावतो, कापूस नाही, म्हणून नोंदणीच्या भानगडीतून वाचलो.

आमच्याकडं या विषयावर बोलायचं तर चकव्याशिवाय पुरं होत नाही. रातच्याला जंगलातून येताना माणूस त्याच त्याच ठिकाणी फिरून येतो, ओळखीची पाणंद सापडत नाही, त्याला चकवा लागला म्हणतात. आमचे मोठे बाबा वडस्याकडून नाटक पाहून सायकलीनं येत होते. एकच मोहाचं झाड पुन्हा पुन्हा समोर. शेवटी चपला उलट्यासुलट्या पायात घातल्या, खाली बसले, तंबाखू मळली. थोड्या वेळानं रस्ता दिसला. त्यांच्या मते चपलांनी काम केलं.

कार्यकर्ता_बिनपगारी
चपलांनी नाही, तंबाखूनं. म्हणजे थांबल्यानं. चंद्र नाही, दूरची खूण दिसत नाही, अशा वेळी माणसाला सरळ चालतोय असं वाटतं पण तो वळत जातो आणि गोल फिरून त्याच जागी येतो. हे भूतबाधेशिवाय कुणालाही होतं. थांबून बसलं, डोळे अंधाराला सरावले की खुणा दिसायला लागतात.

बांधीतला_बेडूक
ते सांगितलं होतं त्यांना. ते म्हणाले, "मग तू जा अमावस्येला, चपला न बदलता."

वावरातली_वही
मास्तरांच्या मोजपट्टीनं पाहिलं तर चकव्यात भ्रमही आहे आणि संभ्रमही. सरळ चाललोय असं वाटतं तोवर भ्रम. तेच झाड परत दिसलं की संभ्रम सुरू.

भुलण्यावरून भुलाबाई आठवली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणायच्या, शेवटी खिरापत ओळखायची. पार्वतीनं भिल्लिणीचं रूप घेतलं, शंकर भुलला, म्हणून तो भुलोजी आणि ती भुलाबाई, असं आजी सांगायची. पाहा, देवाचं नावच भुलण्यावरून पडलं आणि कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

रजा_मंजूर_नाही (अमरावती)
आमच्या ऑफिसातली खरी गोष्ट. नवीन लागलेल्या मुलानं अर्ज दिला, 'घरी गोंधळ असल्यामुळे शुक्रवारी रजा मिळावी.' साहेब शहरातले. त्यांनी खाली शेरा मारला, 'गोंधळ सर्वांच्याच घरी असतो.' पोरगा रडकुंडीला आला. भावाचं लग्न झालेलं, देवीचा गोंधळ घातल्याशिवाय नवं जोडपं सुटं होत नाही, गोंधळी सांगून ठेवलेले. शेवटी मी साहेबांना समजावलं.

त्याच्याकडं गेलोही होतो. चौक मांडलेला, कलश, दिवटी पेटलेली, संबळ आणि तुणतुणं. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, एकेका देवाला नाव घेऊन बोलावत होते. कोण कुठं बसणार, आरती कधी, सगळं ठरलेलं. अख्ख्या लग्नात तेवढाच एक कार्यक्रम वेळेवर आणि शिस्तीत झाला. आणि नाव त्याचं गोंधळ!

निवृत्त_मास्तर
मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७ ची) देवीचा गोंधळ आहे आणि गडबडीचा गोंधळही आहे. म्हणजे ही दुहेरी सोय जुनी. लग्नाचंच आणखी एक घ्या, तारांबळ. मंगलाष्टकांच्या शेवटी 'ताराबलं चंद्रबलं तदेव' सुरू झालं की अक्षता, हार, वाजंत्री, सगळ्यांची एकच धावपळ उडते. त्यावरून तारांबळ आला असं सांगतात. म्हणून तारांबळ वेळेची असते. वेळ भरपूर असेल तर गोंधळ होईल, घोळ होईल, तारांबळ होणार नाही.

नऊ_इंची_मोबाइल
मोठ्यांनो राग मानू नका, पण आम्ही सगळ्याले कन्फ्युजन म्हणतो अन् आमचं काही अडत नाही. 'तारखेचं कन्फ्युजन', 'मी कन्फ्युज झालो', 'त्यानं कन्फ्युज केलं'. संपला विषय.

अर्जनवीस
तुझं अडत नाही कारण तू अजून वावर विकायला काढलं नाहीस.

धुऱ्यावरचा
खरं सांगू का, पोराचं अगदीच चूक नाही. 'शेतकरी कन्फ्युज' छापलं असतं तर टपरीवर कुणी चिडलं नसतं.

पंपवाला (दिग्रस)
चिडले नसते, पण कन्फ्युजननं काम भागत नाही ते माझ्या दुकानात येऊन पाहा. गल्लत आणि गफलत कुणी घेतली नाही, मी घेतो. वावरात या दोन शब्दांत पूर्ण हंगामाचा फरक आहे.

गेल्या साली एक कास्तकार पराटीची फांदी घेऊन आला. पानं भेंडीच्या पानांसारखी झालेली, लांबट, फाटल्यासारखी. व्हायरस आला म्हणे. विचारलं, पंपानं आधी काय मारलं होतं? धुऱ्यावरच्या तणावर टू-फोर-डी मारलं होतं. पंप धुतला? "धुतला ना, एक पाणी फिरवलं." कापसाला त्या तणनाशकाचा थेंबही सोसत नाही. पंपात उरलेला अंश, शेजारच्या वावरातून वाऱ्यावर आलेला फवारा, कशानंही पानं अशी होतात. ही झाली गफलत. त्याला औषध कोणतं ते माहीत होतं, पंप धुवायचा असतो तेही माहीत होतं, लक्ष ठेवलं नाही. गफलत हा मूळ अरबी शब्द बेसावधपणाचाच आहे असं मला एका मौलवी गिऱ्हाइकानं सांगितलं.

दुसऱ्यानं सारख्या रंगाच्या दोन बाटल्यांतली तणनाशकाची बाटली अळीचं औषध समजून मारली. ही गल्लत. दोन वेगळ्या गोष्टी एक समजल्या. त्यानं पंप चकचकीत धुतला होता, मापही बरोबर घेतलं होतं. गफलतीला उपाय सावधपणा, गल्लतीला उपाय बाटलीवरची चिठ्ठी वाचणं.

आणि हे दोघंही माझ्याशी भांडले, त्याला आमच्याकडं घोय म्हणतात.

संत्रानगरीची
वा पंपवाले! शिक्षकाची नोकरी हुकली तुमची.

ठेचा_भाकर
व्हायरस आला असं त्याले वाटत होतं, तो भ्रम. मास्तर, बरोबर ना?

निवृत्त_मास्तर
पैकीच्या पैकी.

धुऱ्यावरचा
मंडळी, पेपरवाले दुरुस्ती छापायला तयार झालेत. पण मथळा लहान हवा म्हणतात. मी लिहिलंय, 'नोंदणीच्या तारखेबाबत संदिग्धता, शेतकरी संभ्रमात'. पाठवू?

अर्जनवीस
थांबा. संदिग्धता नको. एकाच वाक्याचे दोन अर्थ निघत असते तर संदिग्धता. इथं दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखा आहेत, दोन्ही स्वच्छ अक्षरात. त्याला विसंगती म्हणतात. 'तारखांत विसंगती, शेतकरी संभ्रमात' लिहा.

रजा_मंजूर_नाही
आणि पुन्हा जागा पुरली नाही तर? विसंगतीतला 'सं' काढतील.

वावरातली_वही
मला संभ्रमच नको वाटतो. अर्थ बरोबर आहे, मास्तर म्हणतात तसा. पण वाचणाऱ्याची नजर शेतकऱ्याच्या डोक्याकडं जाते, यांना काही कळत नाही अशी. चूक तारीख लावणाऱ्याची आहे. 'घोळ' घ्या. गोंधळ आपोआप होऊ शकतो. घोळ म्हटलं की तो घातला कुणी, हे लोक विचारतातच. 'कापूस नोंदणीच्या तारखांचा घोळ.' चार शब्द, 'सं' एकही नाही.

निवृत्त_मास्तर
माझा अख्खा तास वाया गेला, पण मथळा हाच.

बह्याड_पोट्टा
घोटाळा लिहा ना, जास्त विकते.

अर्जनवीस
घोटाळा लिहू नका. पूर्वी त्याचा अर्थ नुसती गडबड होता, आजही घरात 'चाव्यांचा घोटाळा झाला' म्हणतो. पण पेपरात घोटाळा म्हणजे पैसे खाल्ले. कुणी नोटीस पाठवली तर ती वाचायला माझ्याकडंच याल.

धुऱ्यावरचा
'घोळ' पाठवला. टपरीवर मंजूर आहे. खरी तारीख मात्र अजून कुणी सांगितलेली नाही, उद्या तालुक्याला जाऊन लेखीच घेतो.

नवा_सभासद_वाशीम
उशिरा आलो, सगळा धागा वाचला. @पंपवाला, पंप कपडे धुण्याच्या सोड्यानं दोन-तीनदा धुतला तर चालते काय? पराटीवर उद्याच फवारायचं आहे.

पंपवाला
सोडा टाकून पाणी रात्रभर पंपात राहू द्या, सकाळी नळी अन् नोझलातून सोडा, मग साध्या पाण्यानं दोन-तीनदा. तरी माझं ऐकाल तर तणनाशकाले पंपच वेगळा ठेवा, अन् त्याच्यावर लाल रंगानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. उद्याच्यासाठी शेजाऱ्याचा मागून आणा. त्यानं त्यात काय मारलं होतं ते आधी विचारा.